तीन महिन्यांची सरासरी

५ जानेवारी

प्रिय अग्निहोत्री,

सप्रेम आणि सशर्कर नमस्कार. सशर्कर अशासाठी की आपल्या दोघांच्याही रक्तात ती आता कायमची मुक्कामाला आली आहे, आणि घरात असलेल्या पाहुण्याचा उल्लेख न करणं बरं दिसत नाही.

वहिनींचा फोन आला होता. तू फोनवर आलास की भट्टीच्या घरघरीत नुसतं 'हं, हं' करतोस, म्हणून हे पत्र. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं आणि पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले, असं त्या म्हणाल्या. साखर अशीच राहिली तर दृष्टी जाईल, असंही डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. हे बोलताना वहिनींचा आवाज अगदी सपाट होता. त्या ओरडत असतात तेव्हा तुमचं घर ठीक चाललेलं असतं. आवाज सपाट झाला की मला भीती वाटते.

आता माझं ऐक. गेले सात आठवडे मी धान्य सोडलं आहे. पाव नाही, भात नाही, बटाटा नाही. अंडी, मासे, पालेभाज्या, लोणी, मूठभर बदाम. पहिल्या आठवड्यात डोकं असं दुखायचं की कचेरीत शब्दांच्या चिठ्ठ्या भलत्याच खणांत पडायच्या. आमच्या संस्कृत कोशाचं काम एकतीस वर्षांनी 'प'पर्यंत आलं आहे. नेमकं उपाशीपोटी माझ्या वाट्याला 'पक्वान्न' यावं, हा दैवाचा विनोद मी मुकाट्याने सोसला. दुसऱ्या आठवड्यात भूक गेली, तिसऱ्यात पॅन्ट सैल झाली. रिकाम्या पोटीची साखर दोनशे दहा होती, ती आता एकशे अठ्ठावीस आहे.

तर्क अगदी साधा आहे. पिष्टमय पदार्थ म्हणजे साखरच, फक्त सभ्य कपड्यांतली. पोटात गेली की कपडे उतरवते. ज्या देहाला साखर पेलत नाही त्याच्या दारात रोज पोतंभर नेऊन टाकायची आणि वर गोळी घ्यायची, म्हणजे तू भट्टीत लाकडं सारत राहायचं आणि वहिनींनी बाहेरून पाणी मारत राहायचं. तू पाव भाजतोस म्हणून तो खायलाच हवा असं कुणी सांगितलं? सोनार कुठे सोनं खातो?

आतोबांनी तुला घड्याळ लावून पाव भाजायला शिकवलं नाही, पावाच्या पाठीचा रंग बघायला शिकवलं. डोळे राहिले तर भट्टी राहील. यापुढे मी जास्त काही लिहीत नाही, कारण थट्टा सुचेनाशी झाली आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा मामेभाऊ,
शास्त्री


१९ जानेवारी

शास्त्रीबुवा,

पत्र पोचलं. बायकोने ते मोठ्याने वाचलं. सोनाराचं वाक्य तिला इतकं आवडलं की दिवसभर तेच ऐकतोय. तुझं काय जातं, तू तिकडे, मार मला इकडे.

माझं म्हणणं ऐक. बाबा अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. रोज सकाळी अर्धा पाव, रात्री अर्धा. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचे. अर्धं जग भात खाऊन शेतात राबतं. त्यांची साखर चढत नाही, कोशाच्या कचेरीत बसणाऱ्याची चढते. मग दोष धान्याचा की खुर्चीचा? आणि तू धान्य सोडून लोणी चापतोयस, ते काळजाच्या नळ्यांत जाऊन बसलं म्हणजे काय करशील? कोशात शोधशील?

साखरेच्या डॉक्टरांनी मला छापील तक्ता दिलाय. जाडसर धान्य, डाळी, फळं खा, लोणी-तेल कमी. मी म्हटलं, आमचा भाऊ म्हणतो धान्यच बंद कर. ते हसले. म्हणाले, दोन्ही बाजूंची मोठमोठी माणसं यावर भांडतायत, भांडू देत. ज्याला जे वर्षानुवर्षं पाळता येईल ते त्याचं पथ्य. काय करायचं ते मला विचारून करा, आणि सावकाश करा. मला माणूस पटला. तुझ्यासारखा अंगावर येत नाही.

आता खरं सांगतो. मी तो तक्ताही पाळत नाही. घाणा भट्टीतून निघाला की पहिला पाव मोडून स्वतः चाखायचा, हा बाबांचा नियम. ज्याने चाखला नाही त्याने विकू नये. दिवसाला आठ घाणे. प्रत्येकातला एकच घास, पण माझा घास तू पाहिलायस.

आणि भीती वाटते रे. डॉक्टर बोलले तेव्हा मला आधी बायकोचा चेहरा आठवला नाही, पावाची पाठ आठवली. तिला सांगू नकोस. बाबांनी पाच रंग शिकवले: कोवळा, गव्हाळ, तांबूस, खरपूस, आणि वाया. गव्हाळ ते तांबूस दीड मिनिट लागतं. ते दीड मिनिट दिसलं नाही तर माझं काम संपलं. मला दुसरं काही येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिन्याने परत बोलावलंय. जाईन. पण तुझ्या पथ्याला आपला नकार.

तुझा आतेभाऊ
(साखर विचारू नकोस)


६ फेब्रुवारी

प्रिय अग्निहोत्री,

साखर विचारू नकोस असं लिहिलंस, म्हणून वहिनींना विचारली. तीनशे चाळीस. एवढे तर मला कधी गणिताच्या सगळ्या परीक्षांत मिळूनही पडले नव्हते.

आमच्या शास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद. आपण जिंकावं म्हणून करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं मोडत बसायचं, ती वितंडा. तुझं पत्र उत्तम वितंडा आहे. माझा, अर्थातच, वाद.

आतोबा पाव खात होते हे खरं. पण ते पाव डोक्यावर घेऊन रोज चार गल्ल्या आणि दोन टेकड्या पायी वाटत फिरत. तू गाडीतून फिरतोस, आणि पीठ मळायचं यंत्र आल्यापासून तुझे दंडही सेवानिवृत्त झाले आहेत. शेतात राबणाऱ्यांचा दाखला त्यांनी दिला तर मी ऐकून घेईन, तू देऊ नकोस.

'ज्याला जे पाळता येईल ते त्याचं पथ्य' हे वाक्य ऐकायला गोड आहे, आणि गोड गोष्टींबद्दल आपलं आता ठरलेलं आहे. तुला काहीच पाळता येत नाही, मग तुझं पथ्य कोणतं? आणि 'सावकाश' म्हणजे काय? आग लागली असता सावकाश पाणी आणणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही.

मला तीन महिने दे. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी काढतात. ती चाचणी मला फार आवडते, कारण आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. ती खाली आली नाही तर मी तुझ्या दुकानात उभा राहून गिऱ्हाइकांसमोर कबूल करीन की शास्त्री हरला.

आणि त्या डोळेवाल्याकडे इतक्यात कशाला जातोस? तीनशे चाळीस घेऊन गेलास तर तो पुन्हा तेच सांगून घाबरवील, आणि घाबरलास की तू जास्त खातोस. आधी आकडा उतरव. मग छाती काढून जा.

माझं छान चाललं आहे. दुपारी चारच्या सुमारास जरा चलबिचल होते. कचेरीच्या खाली पावाचं दुकान आहे आणि वास दोन जिने चढून वर येतो. पण तेवढं चालायचंच.

तुझा,
शास्त्री


२८ फेब्रुवारी

शास्त्रीबुवा,

घे, नवस फेड. नऊ तारखेपासून धान्य बंद.

तुझ्या वादाने नाही हं. आठ तारखेला सकाळी मी एक घाणा गव्हाळ म्हणून काढला आणि तो कोवळा होता. आत चिकट. दुकानात अर्धे पाव परत आले. तीस वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. बायकोला म्हटलं, उद्यापासून शास्त्री सांगेल तसं.

अंडी इतकी खाल्लीत की पहाटे आरवावंसं वाटतं. पहिले सहा दिवस पाय लटपटत होते. सातव्या दिवशी पिठाच्या पोत्यावर बसून रडलो, कुणाला दिसलं नाही. बाबांचा नियम मोडला. आता पहिला घास बायको खाते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, हॉटेलाबाहेरच्या कुत्र्यासारखा. ती मुद्दाम सावकाश चावते.

पण ऐक. काल साखर एकशे श्याऐंशी. तीन आठवड्यांत! साखरेच्या डॉक्टरांना विचारून करायचं होतं, ते राहिलंच. डोळेवाल्याकडेही गेलो नाही. तू म्हणालास तसं आकडा घेऊनच जाईन.

तुझं कसं चाललंय? तू करतोयस म्हणून मी करतोय. एकट्याने झालं नसतं.

तुझा आतेभाऊ

(भाऊजी, हे भांडी आपटतात पण पाळतात. एवढं त्यांनी मामंजींचंही कधी ऐकलं नव्हतं. — वहिनी)


१२ मार्च

प्रिय अग्निहोत्री,

एकशे श्याऐंशी! पत्र वाचून मी कचेरीत उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, काय झालं? म्हटलं, एका नास्तिकाचं परिवर्तन झालं. त्यांनी चिठ्ठ्यांतून मान वर केली नाही. आमच्याकडे त्यालाच अभिनंदन म्हणतात.

पोत्यावर बसून रडलास ते वाचलं. त्याबद्दल काही लिहीत नाही. मी समोर असतो तर शेजारच्या पोत्यावर बसलो असतो, एवढंच.

डॉक्टरांना सवडीने सांगशील. आकडाच बोलतो आहे, मग माणसांनी कशाला बोलायचं? माझी साखर एकशे वीस. स्थिर आहे.

तुझा,
शास्त्री


४ मे

शास्त्रीबुवा,

अक्षर मोठं आलंय, पेन जाड आहे. चालवून घे.

तीन महिन्यांची सरासरी आली. आधी अकरा पूर्णांक आठ होती, आता सहा पूर्णांक चार. चाचणीवाल्याने दोनदा नाव विचारलं, त्याला वाटलं कागद बदलला. मी दुकानात सगळ्यांसमोर म्हटलं, आमचा शास्त्री जिंकला. एक म्हातारी म्हणाली, कोण शास्त्री? म्हटलं, माझा मामेभाऊ, शब्द मोजतो. ती म्हणाली, मग त्याला साखरेतलं काय कळतं? मी म्हटलं, ते मलाही वाटलं होतं.

वजन अकरा किलो उतरलं. पट्ट्याला तीन भोकं नवी पाडली. रंग हल्ली बायकोला विचारतो. म्हटलं, एवढी वर्षं बरोबर उभी आहे, तिलाही थोडा मान द्यावा. डाव्या डोळ्यापुढे कधी एखादा केस तरंगल्यासारखा वाटतो. पीठ असेल. जन्म पिठात गेला.

तुझा आकडा कळव. आपण दोघे आता सत्तर वर्षं गाठणार, बघ.

तुझा आतेभाऊ


१६ मे

प्रिय विजेत्या,

सहा पूर्णांक चार. मी हा आकडा एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला आहे.

तुझं अक्षर मात्र बघण्यासारखं आहे. एका पानावर नऊ ओळी! विजय पानात मावत नाही असं दिसतं. आणि लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पत्नीचं मत विचारणं, हा या पथ्याचा आजवर नोंद न झालेला परिणाम असावा. पुढचा परिणाम म्हणून तू स्वतःचे मोजे स्वतः धुशील अशी मला आशा आहे. डोळ्यात पीठ गेलं तर थंड पाण्याने धूत जा, आणि आकड्याचा कागद घेऊन त्या डोळेवाल्याकडे आता खुशाल जा. त्याचं तोंड कसं होतं ते मला लिही.

माझी एकशे अठरा.

तुझा,
शास्त्री


१२ जुलै

भाऊजींना नमस्कार.

अक्षर माझं आहे, त्यावरून तुम्ही थोडंफार ओळखलं असेल. दोन महिने तुमच्या पत्राला उत्तर नाही म्हणून तुम्ही दोनदा फोन केलात. मी कामात आहे म्हणाले. खोटं बोलले.

अठ्ठावीस मेला सकाळी दुसरा घाणा काढताना हे मला म्हणाले, दिवा गेला का गं? दिवा लागलेला होता. डावा डोळा आतून रक्ताने भरला होता. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे असताना तेरा जूनला उजव्या डोळ्याचंही तसंच झालं. दोन्हीकडे शस्त्रक्रिया केली. पडदे सुटलेले होते, ते नीट बसले नाहीत. आता यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे ते कळतं. त्यापलीकडे काही नाही, आणि यापुढे काही करण्यासारखं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी विचारलं, साखर तर उतरली होती, मग असं कसं? डॉक्टर म्हणाले, उतरली हे चांगलंच. पण पडदा आधीपासून एवढा खराब असला आणि साखर इतक्या झपाट्याने उतरली, तर कधीकधी डोळा उलट बिघडतो. म्हणून तेवढ्या काळात दर महिन्याला डोळे तपासायचे असतात, वेळीच लेसर देता येतो. मी विचारलं, म्हणजे आहार चुकला? ते म्हणाले, आहाराचं काही नाही, तुम्ही पाच महिने डोळे दाखवले नाहीत ते चुकलं. मग म्हणाले, दाखवले असते तरी डोळे वाचलेच असते, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

यांच्या डोळ्यांपुढे मार्चपासून काळे धागे येत होते. मला सांगितलं नाही. रंग विचारायचे तेव्हा मला वाटलं, पथ्याने माणूस मऊ झाला. मला बरंही वाटायचं. इस्पितळात विचारलं, का लपवलंत? म्हणाले, "आकडा उतरत होता, म्हटलं मागोमाग डोळाही सुधारेल. आणि शास्त्री एवढा खुशीत होता."

तुम्हाला दोष देत नाही. अंडी मीच उकडत होते.

घरी आल्यावर यांनी भट्टी चार दिवस चालवून पाहिली. म्हणाले, वासावर सांगतो. पण वास येतो तोवर रंग होऊन गेलेला असतो. मला रंग कळतो असं मी समजत होते, तोही यांनी "आत्ता?" असं विचारल्यावरच कळायचा. स्वतःहून नाही. चारही दिवस घाणे वाया गेले. पाचव्या दिवशी यांनी भट्टी विझू दिली. मामंजी असल्यापासून ती कधी थंड पडली नव्हती. आता रोज तिच्या भिंतीला हात लावून बघतात.

पथ्य अजून चालू आहे. परवा मी म्हटलं, आता कुणासाठी? खा एक घास. बाजारातून पाव आणला होता, लोणी लावून हातात दिला. त्यांनी तो चाचपला, पाठीवरून बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "शास्त्री पाळतोय ना तिकडे? मग मी कसा खाऊ?"

तुमची,
वहिनी


२० जुलै

प्रिय अग्निहोत्री,

वहिनी, हे पत्र त्याला वाचून दाखवा, आणि एक शब्दही गाळू नका.

मी पाळत नाही. दहा फेब्रुवारीपासून पाळत नाही. तू नऊ तारखेला धान्य सोडलंस, म्हणजे आपण दोघांनी मिळून हे पथ्य एकच दिवस केलं. दहाला दुपारी चार वाजता मी खाली उतरलो, एक पाव घेतला आणि जिन्यातच उभ्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोन घेतले. मग तो नेम झाला. चिठ्ठ्यांवर पडलेला चुरा मी रंगाच्या बारीक ब्रशने झाडून टाकतो. ब्रश त्यासाठीच आणला. माझी साखर दोनशे चाळीस आहे. एकशे वीस आणि एकशे अठरा हे आकडे मी टेबलाशी बसून रचले. त्यातल्या दुसऱ्यावर जरा जास्त वेळ घेतला. एकशे वीसच पुन्हा लिहिलं तर संशय येईल असं वाटलं.

तेव्हाच का सांगितलं नाही? तुझं पत्र आलं होतं, तू करतोयस म्हणून मी करतोय. मी स्वतःला म्हणालो, आता सांगितलं तर याचं मोडेल. तेवढं कारण पुरलं मला. पण खरं ते नव्हतं. तुझा आकडा उतरत होता आणि मी जिंकत होतो, आणि ते मला पावाहून गोड लागत होतं. वाद आणि जल्प यांतला फरक तुला शिकवायला निघालो होतो.

डोळेवाल्याकडे जाऊ नकोस असं मीच लिहिलं. सहा फेब्रुवारीचं पत्र आहे. माझी पत्रं तू बिस्किटांच्या डब्यात ठेवतोस हे मला माहीत आहे. ते पत्र वहिनींना काढायला सांग. डॉक्टर 'सावकाश' म्हणाले होते आणि मी त्यावर एक छानसं वाक्य केलं. वाक्य चांगलं होतं. मला ते अजून पाठ आहे.

माझे डोळे शाबूत आहेत. मी रोज पाव खातो आणि पावाच्या चुऱ्याएवढ्या अक्षरांतली मुद्रितं चष्म्याशिवाय तपासतो. यात न्याय कुठे आहे ते मी शोधत नाही. तुला एकच मागणं आहे. मला नीट, सविस्तर शिवी दे. वहिनींना लिहायला संकोच वाटला तर जागा मोकळी सोडायला सांग, मी भरीन.

शास्त्री


२ ऑगस्ट

भाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

पोस्टमन आला तेव्हा हे दारातच बसले होते. पाकीट चाचपून म्हणाले, शास्त्रीचं आहे, जाड कागद. वाच. मी उघडलं आणि पहिल्या तीन ओळी मनातच वाचल्या. हे वाट बघत होते. मी कागद समोर धरून मनचंच काहीतरी वाचत गेले. लिहिलंय, फार वाईट वाटलं. लिहिलंय, पथ्य सोडलेलं नाही. साखर एकशे पंधरा. हे हसले. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "पठ्ठ्या पाळतोय."

तुम्हाला मन मोकळं करायचं होतं. ते झालं. माझ्यापाशी झालं. मी वाचलं, आणि मला जेवढा राग यायचा तेवढा आला. तो मी इथे लिहीत नाही, जागाही सोडत नाही. पण त्यांच्यापाशी हे होणार नाही. त्यांचं काम गेलं, भट्टी गेली. आता त्यांच्याजवळ एवढंच उरलंय की तुम्ही दोघांनी मिळून एक अवघड गोष्ट केली. तेवढं मी तुम्हाला नेऊ देणार नाही.

ते पत्र मी चुलीत घातलं.

आता तुम्ही पुढचं पत्र लवकर पाठवा. त्यात थट्टा घाला. मला थट्टा रचता येत नाही, वाचताना दोनदा अडखळले तर म्हणाले, "शास्त्री बरा आहे ना? आज विनोद नाही केला त्याने." आकडा शंभर आणि एकशे वीसच्या मध्ये ठेवा. दर वेळी थोडा बदला, ते तुम्हाला जमतं. त्यांचा एकशे दोन आहे. तुम्ही पाव खायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी विचारणार नाही. इकडे येऊ मात्र नका. तुमचा आवाज त्यांना फार चांगला ओळखता येतो.

वहिनी


१० ऑगस्ट

प्रिय अग्निहोत्री,

सप्रेम नमस्कार. वहिनींचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे, तेव्हा आता मला तुझ्या पत्रांत हसण्यासारखं काही सापडत नाही. ही तू माझ्यावर केलेली मोठीच कुरघोडी आहे. पुढचं पत्र सांगशील तेव्हा निदान शब्द तरी थोडे चुकीचे वापर.

कचेरीत सारं आहे तसंच आहे. 'प' संपत नाही. सहकाऱ्यांनी काल विचारलं, तुमच्या त्या भावाचं पथ्य अजून चालू आहे? म्हटलं, त्याचं चालू आहे म्हणून तर माझं चालू आहे. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी चार वाजता खालून वास येतो. मी खिडकी लावून घेतो आणि पाच बदाम खातो. मोजून पाच. सहावा खाल्ला तर तुला काय तोंड दाखवू?

परवा तपासली. एकशे चौदा. तुझी एकशे दोन असं वहिनींनी कळवलं. म्हणजे बारा अंकांनी तू पुढे आहेस, आणि मी उगाच शास्त्री म्हणवून घेतो. पण मी तुला गाठणार आहे, हे लक्षात ठेव.

तू सोडू नकोस. मीही सोडत नाही.

तुझा मामेभाऊ